पारगडच्या वाटेवर सात नारळ

पन्हाळ्याहून निघून सह्याद्रीच्या धारेधारेनं पारगडपर्यंत चालत जायचं, असं आम्ही दोघींनी ठरवलं होतं. मी सातव्या दिवशी घरी परत आले आणि त्यातला पहिला टप्पा चौघांच्या खांद्यावरून आले. जिवंतपणी अशी मिरवणूक निघालेली कोल्हापुरात तरी मी दुसरी बाई पाहिलेली नाही. तेव्हापासून जो तो येतो, पायाकडं बघतो आणि विचारतो, "पण मुळात गेलातच कशाला?" तेच तेच सांगून माझं तोंड दुखलं. म्हणून आता लिहूनच टाकते. ज्यांना खरंच जायचं आहे त्यांना वाट कळेल, आणि ज्यांना नुसतं विचारायचं आहे त्यांच्या हातात हे कागद ठेवून मला स्वयंपाकघरात जाता येईल.

मी कोल्हापुरात मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. मुलांच्या शाळांच्या सहली दर दिवाळीच्या सुट्टीत गडांवर जातात. पोरं पन्हाळ्याहून विशाळगडला चालत जातात. एखादा गुडघे फोडून येतो, एखादा हात गळ्यात बांधून येतो आणि पुढं आठ दिवस त्या हाताचं कौतुक चालतं. आमच्या मुलींची सहल रंकाळ्यावर जाते. रंकाळा शाळेपासून वीस मिनिटांवर आहे. तिथं मुली रांगेनं बसतात, चिवडा खातात, पाणी बघतात आणि रांगेनं परत येतात. त्यातल्या कितीतरी जणी रोज सकाळी त्याच रंकाळ्यावर धुणं घेऊन गेलेल्या असतात.

आमच्याकडं इंदूताई भूगोल शिकवतात. वय बेचाळीस. सतराव्या वर्षी विधवा झाल्या, मग भावाच्या घरी राहून शिकल्या आणि स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. कपाळ मोकळं, पांढऱ्यावर बारीक काठाचं लुगडं, आवाज कधी चढत नाही. नववीच्या मुलींना विशाळगडला पायी न्यायची परवानगी द्या, असा अर्ज त्या दर वर्षी शाळेच्या मंडळाकडं करायच्या आणि अध्यक्ष वकीलसाहेब दर वर्षी नाही म्हणायचे. संस्थान विलीन होऊन तीन-चार वर्षं झाली होती. राज्य बदललं, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, हे 'नाही' तेवढं जागच्या जागी होतं. त्या वर्षी मात्र वकीलसाहेब वैतागून म्हणाले, "आधी तुम्ही स्वतः जाऊन या बघू. धडधाकट परत आलात तर मुलींचं बघता येईल."

ते त्यांनी तोंड बंद करायला म्हटलं होतं. इंदूताईंनी ते कारकुनाकडून वहीत लिहून घेतलं आणि मला येऊन म्हणाल्या, "कुमुद, येतेस का? नुसत्या विशाळगडला गेलो तर म्हणतील, जवळच होतं. पारगडपर्यंत जाऊ. मुलींचा प्रश्न एकदाचा मिटवून टाकू."

मी हो म्हणाले. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. आमच्या ह्यांनी फक्त टिंक्चर आयोडिनची बाटली दिली आणि सांगितलं, "वाटेत कुणाशी भांडू नकोस." त्यांना त्या उन्हाळ्यात न्यूमोनिया होऊन गेला होता, अजून जिना चढताना थांबावं लागायचं. मुलं सासूबाईंकडं ठेवली आणि भाऊबीज झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो.

मसाई पठार

पन्हाळ्यापर्यंत एस.टी., पुढं पाय. आम्ही दोघींनी नऊवारी कासोटा घालून वर खोचलं होतं आणि पायात कॅनव्हासचे पांढरे बूट घातले होते. हे बूट बघून पन्हाळ्याच्या नाक्यावर एका माणसानं हातातली विडी विझेपर्यंत आमच्याकडं बघितलं. लुगड्याखाली बूट म्हणजे काहीतरी सरकारी काम असणार, असं त्यानं शेजाऱ्याला सांगितलं. देवीच्या लसी टोचायला आल्यात, असं शेजाऱ्यानं ठरवलं, आणि ती बातमी आमच्या आधी पुढच्या वाडीत पोहोचली. तिथं बायका पोरं कडेवर घेऊन दारं लावून बसल्या होत्या. आम्हाला पाणी मागायचं होतं. अर्धा तास दाराबाहेरून ओरडून सांगावं लागलं की आमच्याकडं सुई नाही.

मसाईचं पठार मात्र असं आहे की तिथं राग टिकत नाही. मैलोन् मैल सपाट, गुडघ्याएवढं वाळकं गवत, वर नुसतं आभाळ. पावसाळ्यातली फुलं संपली होती. चंडोल गवतातून सरळ वर उडत होते आणि दिसेनासे होऊन गात होते. इंदूताईंनी मोजणीखात्याच्या नकाशावरून मेणकापडावर वाट उतरवून आणली होती. ते उलगडून त्या एकेका डोंगराला नावानं ओळखत होत्या. या बाईनं वीस वर्षं फळ्यावर सह्याद्री काढला होता, आणि प्रत्यक्षात तो पहिल्यांदा बघत होती.

पठार उतरून संध्याकाळी एका वाडीत पाटलांच्या घरी टेकलो. पाटलीणबाई अंगणात भात पाखडत होत्या.

"पावनं, कुठनं आलासा?"

"कोल्हापूरहून."

"चालत?"

"चालत."

"मालक मागनं येत्यात व्हय?"

"मालक घरी आहेत."

"आन् बरुबर कोन हाय?"

"आम्ही दोघी."

"ते दिसतंय की. पर बरुबर कोन हाय?"

हा प्रश्न पुढच्या पाच दिवसांत मला गुराख्यानं विचारला, पुजाऱ्यानं विचारला, विहिरीवरच्या बायकांनी विचारला, एका बहिऱ्या म्हाताऱ्यानं खुणांनी विचारला. आम्ही दोघी म्हणजे 'बरोबर कोणी नाही' असा हिशेब सगळ्या डोंगरात पक्का आहे. मी प्रत्येकाशी हुज्जत घालायचे. इंदूताई हसून पुढं चालायच्या.

जेवण मात्र काय सांगावं. नव्या तांदळाचा भात, नाचणीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा आणि मडक्यातलं दही. कोल्हापुरात पाहुण्याला चहा दिला की सुटका होते. इथं चहा म्हणजे अपमान. पोट फुटेपर्यंत जेवायचं, वर परत "काय खाल्लंच न्हाय की" हे ऐकून घ्यायचं.

सकाळी निघताना पाटलीणबाई हळदीकुंकवाची तबकडी घेऊन आल्या. "सवाशीण बाई पयल्यांदा उंबरा चढली, मोकळी कशी धाडू?" त्यांनी मला पाटावर बसवलं, पदर पसरायला लावला आणि त्यात पाच मुठी तांदूळ, सुपारी, गुळाचा खडा आणि एक चांगला जड नारळ घातला. तिकडं नारळ कोकणातून घाट चढून येतात, त्यामुळं घरात असतातच. मग त्या वळल्या. इंदूताई कुठं आहेत म्हणून मीही बघितलं. त्या तबकडी दिसताच उठून बाहेर गेल्या होत्या आणि पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होत्या. नाडी आधीच बांधलेली होती.

पांढरपाणी

आता ओटीचं शास्त्र ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ओटी नाकारायची नाही. दिलेल्या घरी ठेवायची नाही. वाटेत टाकायची नाही, दुसऱ्याला द्यायची नाही. नारळ आपल्या घरी न्यायचा, आपल्या माणसांनी खायचा. नवऱ्याच्या आयुष्याशी त्याचा संबंध लावलेला असतो. मी हे मानत नाही. रूढींवर निबंध लिहायला लावते मी मुलींना, आणि ज्या मुली घाबरत घाबरत लिहितात त्यांना वर्गात उभं करून बोलते.

तर हे न मानणारी मी, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पांढरपाण्याला पोहोचले तेव्हा माझ्या पिशवीत तीन नारळ होते. पाटलीणबाईंचा एक, दुपारच्या जेवणाच्या घरचा एक, आणि एका धनगरवाड्यावर नुसतं ताक प्यायलो तर तिथल्या म्हातारीनं देवापुढचा उचलून दिला तो एक. तांदूळ साठत होते ते वेगळेच. शिजवून संपवावेत तर कुठं? कुणी चूल पेटवू देईल तर ना. "आमच्या दारात येऊन रांधून खातासा? लोक काय म्हनतील आमास्नी?" असं म्हणून पुन्हा पाट मांडायचे, आणि जेवण झालं की पुन्हा ओटी.

इंदूताईंची पिशवी निघताना होती तेवढीच होती. घोंगडं, नकाशा, लोटा, एक लुगडं. त्या डोंगर चढताना पुढं जायच्या आणि वरून माझी वाट बघत बसायच्या. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी बाई. मी धापा टाकत वर पोहोचायचे आणि आधी कुणावर चिडावं तेच कळायचं नाही. नारळ देणाऱ्या बायकांवर चिडावं तर त्यांनी स्वतःच्या तोंडचं काढून दिलेलं असायचं. आणि त्याच बायका इंदूताईंना जेवायला वाढताना एवढ्या मायेनं वाढायच्या, मग तबकडी आली की त्यांच्याकडं पाठ करायच्या. अगदी सहज. दारातली चप्पल ओलांडावी तसं.

पावनखिंडीत मला जरा स्वस्थ बसायचं होतं. लहानपणापासून ऐकलेली जागा. ओढ्याचं पाणी खडकांतून खळखळत होतं, वर झाडी, कुणी नव्हतं. डोळे मिटते न मिटते तोच वरून लाकडाची मोळी घेतलेला एक माणूस उतरला, आमच्याकडं बघून थांबला आणि म्हणाला, "बाई, बरुबर कोन हाय?"

विशाळगडाच्या पायथ्याशी

चौथ्या दिवशी विशाळगड बघून खाली उतरलो. पाच नारळ झाले होते. पिशवीचे बंद खांद्यात रुतून दोन्हीकडं लाल वळ उठले होते. एका ओढ्यात पाय सोडून बसलो होतो तेव्हा इंदूताई म्हणाल्या, "कुमुद, दोन-तीन माझ्याकडं दे."

मी पिशवीकडं हात नेला. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "ओटीचे आहेत पण. तुला चालणार असेल तरच."

चालणार होतं. का नाही चालणार? पण माझा हात पिशवीच्या बंदावर तसाच राहिला. मला आमचे हे दिसले, जिन्याच्या मधल्या पायरीवर कठड्याला धरून उभे राहिलेले. एवढंच. किती वेळ गेला असेल? एक घोट पाणी पिण्याइतका. इंदूताईंनी हात मागं घेतला आणि ओढ्यातल्या माशांकडं बघत म्हणाल्या, "राहू दे. आपण हळू चालू."

मी "अहो, तसं नाही" म्हणाले. त्या "चल" म्हणाल्या. विषय संपला. पुढचे दोन दिवस मी त्या ओझ्याला कुणालाही हात लावू दिला नाही, आणि जी बाई भेटेल तिच्याशी भांडले. खरं भांडण कुणाशी होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. लिहिताना आजही लाज वाटते, पण लिहायचं तर हे गाळून कसं चालेल?

सहावा दिवस

विशाळगडापासून दक्षिणेला गगनबावड्याकडं जाणारी वाट धारेच्या काठाकाठानं जाते. उजव्या हाताला कोकण एकदम खाली तुटलेलं, डावीकडं कारवीचं रान. सकाळी खाली सगळं धुक्यानं भरलेलं होतं आणि फक्त डोंगरांची टोकं वर होती. आयुष्यात एकदा तरी बघावं असं ते दृश्य आहे. ज्यांना जमेल त्यांनी जावं. मोकळ्या खांद्यानं जावं.

तोवर सात नारळ आणि पाच-सहा शेर तांदूळ झाले होते. दहाच्या सुमाराला एका उतारावर वाळकं गवत लागलं. इंदूताई सांगून गेल्या, "इथं आडवी चाल, सरळ उतरू नकोस." मी आडवीच चालले होते. बुटाखालचं गवत सरकलं. नुसती मी असते तर बसकण मारून मोकळी झाले असते. पण पाठीवरचं ओझं एका बाजूला कललं, त्यानं मला ओढलं, डावा पाय एका दगडाच्या फटीत अडकला आणि बाकीची मी पुढं गेले. काडकन् आवाज झाला. मला वाटलं नारळ फुटला.

नारळ सगळे शाबूत होते.

इंदूताईंनी बूट कापून काढला. घोटा डोळ्यांदेखत सुजत होता. त्यांनी हाका मारमारून खालच्या वाडीतून माणसं आणली आणि मला एका घराच्या पडवीत नेऊन टेकवलं. मग वाडी जमली. एक म्हणाली हळद लावा, एक म्हणाली चुना लावा, एक म्हातारा म्हणाला नजर लागली, मिरच्या ओवाळा. दोघा गड्यांनी तर "एक हिसडा दिला की बसतंय" म्हणून पायच धरला. मी त्यांच्यावर अशी ओरडले की गोठ्यातलं रेडकू दावं तोडून पळालं.

"वस्तादांस्नी येऊ द्या," कुणीतरी म्हणालं.

वस्ताद म्हणजे जवानीत कोल्हापूरच्या तालमीत कुस्ती केलेला, आता साठीला आलेला एक धिप्पाड माणूस. मान आणि खांदा यांत फरकच नव्हता. अंगाला अजून लाल मातीचा वास येतोय असं मला वाटलं. हा आता पाय उपटून काढणार म्हणून मी डोळे मिटून इंदूताईंचा हात धरला. वस्तादांनी दोन बोटांनी घोट्याभोवती चाचपलं, माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि जमलेल्यांना म्हणाले, "सरा मागं सगळी. मोडलंय. हितं कुनी हात लावायचा न्हाय." मग मला म्हणाले, "वयनी, मी वडत न्हाय. बांबूच्या कामट्या लावून बांधून देतो. कोल्हापुरात जावा, फोटू काढा. मी तालमीत असले धा पाय बघितल्यात. ज्येनी वडून घेतलं त्ये अजून लंगडत्यात."

सबंध प्रवासात 'बरोबर कोण' हे न विचारता शहाणपणाचं बोललेला हा एक माणूस. त्यांनी बांधलेला पाय कोल्हापूरच्या डॉक्टरांनी बघितला तेव्हा तेही म्हणाले, "कुणी बांधलं हे? सुरेख बांधलंय."

पाय बांधून झाल्यावर खरी अडचण उभी राहिली. मला झोळीतून रस्त्यापर्यंत पोहोचवायला वस्ताद चार गडी देणार होते. आणि इंदूताई नकाशा उलगडून बसल्या होत्या.

"तुझ्याबरोबर येऊ का मी?" असं त्यांनी विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. त्यांनी विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "दोघीही परत गेलो तर मंडळाचं काम सोपं होईल. तू घरी सुखरूप पोहोचशील, वस्ताद आहेत. मी पुढं जाते."

"एकट्या?"

"मग काय करू?"

"अहो इंदूताई, एकटी बाई कशी जाणार? लोक काय म्हणतील?"

माझ्याच तोंडून हे बाहेर पडलं. स्वच्छ, ठणठणीत आवाजात, वकीलसाहेब बोलतात त्याच चालीत. पडवीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. पाच दिवस ज्या प्रश्नासाठी मी अख्ख्या डोंगराशी भांडले तो मी स्वतः विचारला होता, आणि तोही त्या बाईला, जी माझ्यासाठी प्रत्येक चढावर थांबली होती.

इंदूताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "कुमुद, मी पंचवीस वर्षं एकटीच जाते आहे. फक्त इतके दिवस रस्ता सपाट होता."

मी रडले. पायामुळं रडते आहे असं सगळ्यांना वाटलं आणि मी ते वाटू दिलं. मग म्हणाले, "जा तुम्ही. जाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी झोळी बांधून तयार झाली, तोच वस्तादांची बायको तबकडी घेऊन पडवीत आली. मोडका पाय लांब करून, बांबूला बांधलेल्या घोंगड्यात बसलेल्या बाईचीसुद्धा ओटी भरायची असते. मी पदर पसरला नाही.

"आधी त्यांची भरा," मी इंदूताईंकडं बोट दाखवलं.

ती बाई गडबडली. "त्येंची? त्येंची कशी भरू?"

"माझी भरता तशी. डोंगर त्या चढणार आहेत. मी झोळीत बसून घरी चालले आहे."

"कुमुद, पुरे," इंदूताई म्हणाल्या.

वस्तादांची बायको तबकडी हातात घेऊन उभी राहिली. एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघितलं. मग आत गेली. मला वाटलं दुखावली. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली ती फडक्यात बांधलेल्या आठ-दहा नाचणीच्या भाकरी आणि खर्ड्याची पुडी घेऊन. ते तिनं इंदूताईंच्या पदरात घातलं. "नारळ घिऊन काय करशीला बाई त्या रानात. भाकरी लागंल. चार दीस टिकंल ही." आणि वर सवयीनं हात तबकडीकडं गेला, तो तिथंच थांबला, आणि तिनं नुसता त्यांच्या पाठीवरून फिरवला.

इंदूताई खाली वाकून तिच्या पाया पडल्या. मग पिशवी उचलली आणि गेल्या. वळून एकदा हात केला. माझी ओटी नंतर झालीच. आठवा नारळ.

घर

झोळीतून रस्त्यापर्यंत जाताना चौघे गडी सबंध वाट कोल्हापूरच्या एका कुस्तीवर वाद घालत होते आणि मुद्दा तापला की मला गचके बसत होते. मग एस.टी. मग घर, डॉक्टर, फोटो, प्लास्टर, दीड महिना खाट.

सासूबाईंनी नारळांच्या वड्या केल्या. घरात सगळ्यांनी ओटीचा प्रसाद म्हणून भक्तिभावानं खाल्ल्या. मी खाल्ली नाही. मला बघायला रोज पाहुणे येत होते. गल्लीतली एक आजी तर म्हणाली, "पाय मोडला ते बरंच झालं, आता कुणी जाणार नाही." माझा डावा पाय असा सगळ्या गावाच्या कामी आला. रात्री झोप नसायची ती दुखण्यानं नव्हे. इंदूताईंना काही झालं तर, हा एकच विचार असायचा. मी जा म्हणाले होते.

मी घरी आल्यापासून नवव्या दिवशी दुपारी त्या दारात उभ्या राहिल्या. रापून काळ्या झालेल्या, बुटाला सुतळी बांधलेली, आठ दिवस एकटीनं बोलल्यामुळं की काय, आवाज जरा मोठा झालेला.

पुढचं ऐकीव

यापुढची वाट मी बघितलेली नाही, त्यांनी सांगितली ती लिहिते. गगनबावड्यापासून दाजीपूरच्या रानापर्यंत पाणी मुबलक आहे. रानात गव्यांचा कळप आडवा आला तेव्हा त्या तासभर एका जांभळीखाली बसून राहिल्या. तिथं जंगलखात्याच्या एका शिपायानं अडवून बरोबर कोण आहे विचारलं, तर म्हणाल्या, "वीस माणसं मागून येताहेत." तो बिचारा वीस माणसांची वाट बघत थांबला. रांगण्याच्या पायथ्याला ताप आला, एक दिवस एका गुरवाच्या घरी पडून काढला. आंबोलीच्या पुढं भाषा बदलते, कानडी शब्द येऊ लागतात, आणि तिकडच्या बायका त्यांना अक्का म्हणायच्या. ते त्यांना फार आवडलं. पारगडच्या पायऱ्या त्यांनी सकाळी चढल्या. वर गेल्यावर काय केलंत, मी विचारलं. "बसले. मग भूक लागली."

मंडळाची बैठक

बैठकीला मी काठी टेकत गेले. पंधरा मिनिटं सगळे माझ्या पायाशी बोलत होते. इंदूताई शेजारच्या खुर्चीवर बसल्या होत्या, धडधाकट, पारगडला जाऊन आलेल्या, आणि त्यांना कुणी एक प्रश्न विचारला नाही.

"हेच आम्ही म्हणत होतो," वकीलसाहेब म्हणाले. "कुमुदबाई, तुम्हाला तरी पटलं ना आता?"

"मला नारळांनी पाडलं," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. ओढ्यावरचंसुद्धा. "यांच्या पाठीवर तुम्ही आम्ही काही घातलं नाही, म्हणून या पोहोचल्या. माझ्या पाठीवर सगळ्यांनी घातलं. मुलींना पाठवा, आणि मोकळ्या पाठीनं पाठवा."

बराच वेळ कागद चाळले गेले. शेवटी वकीलसाहेब म्हणाले की इंदूताई एकट्या गेल्या हे शाळेच्या दृष्टीनं बाहेर न बोललेलं बरं. इतिवृत्तात 'अपघातामुळे पदयात्रा अपूर्ण राहिली' एवढंच लिहावं. मुलींना विशाळगड नाही. मसाई पठारापर्यंत न्या, त्याच दिवशी परत आणा. आणि मुलींबरोबर घरसंसाराची जबाबदार बाई हवी, तेव्हा कुमुदबाईंनी जावं.

"मला चालता येत नाही," मी म्हणाले.

"गाडीतून जा."

बाहेर आल्यावर मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. इंदूताई मुलींची यादी करत होत्या.

पुन्हा मसाई

माघात एका रविवारी नववीच्या एकोणीस मुली, इंदूताई आणि बैलगाडीत मोडक्या पायाची जबाबदार बाई, अशा आम्ही पठारावर गेलो. मुली आधी सवयीनं रांगेनं बसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की इथं रांग लावायला काठच नाही, आणि त्या सुटल्या. दुपारी इंदूताईंनी त्यांना पश्चिमेच्या कडेला नेलं. मी गाडी तिथवर आणवली. त्यांनी मेणकापड गवतावर पसरलं, चार कोपऱ्यांवर चार मुली बसवल्या आणि एकेक डोंगर बोटानं दाखवत गेल्या, दिसतात ते आणि दिसत नाहीत तेही, थेट पारगडपर्यंत.

"बाई, तिथवर कुणी चालत जातं?" एका मुलीनं विचारलं. शेळके म्हणून आहे, गणितात कच्ची.

"मी गेले होते."

"कधी?"

"दिवाळीच्या सुट्टीत. निम्म्या वाटेपर्यंत कुमुदताई होत्या. पुढं एकटी."

मी गाडीच्या साट्याला घट्ट धरलं. बाहेर बोलायचं नाही असं ठरलं होतं ते इंदूताईंनी एकोणीस मुलींसमोर बोलून टाकलं होतं, आणि आता तो प्रश्न येणार, एकटी म्हणजे बरोबर कोण, हे मला माहीत होतं. लहानपणापासून ऐकून ऐकून तो त्यांच्याही जिभेवर तयार असणार. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

शेळके गुडघ्यावर पुढं सरकली, मेणकापडावर मसाईवर एक बोट ठेवलं, पारगडावर दुसरं, आणि मधलं अंतर बघत म्हणाली, "किती दिवस लागतात?"